अधारतालच्या ट्रंकेतली अनोळखी बाई

वाचकहो, नागपूरहून जबलपूरला रस्त्याने निघालात, तर पेंचचं जंगल, शिवनी, लखनादौन असं करत तुम्ही तिलवारा घाटाच्या पुलावर येता आणि नर्मदा ओलांडता. पुलावर गाडीतली माणसं न सांगता गप्प होतात. कोणीतरी खिडकीची काच खाली करून नाणं टाकतं. पुढे बहुतेक पाहुणे भेडाघाटच्या संगमरवराकडे वळतात. तुम्हीही वळा, जरूर वळा. मी मात्र दरवेळी शहर पार करून उत्तरेला, कटनीच्या रस्त्याकडे जाते, कारण माझी आत्या अधारतालला राहते.

अधारतालला पाहण्यासारखं काय आहे, असं मला मैत्रिणी विचारतात. खरं सांगायचं तर फारसं काही नाही. एक जुना तलाव, ज्याच्या काठांवर वस्ती चढत आली आहे. एक छोटं रेल्वे स्टेशन, जिथे मोठ्या गाड्या थांबत नाहीत. एक मोठं कृषी विद्यापीठ. पण नावाची गोष्ट चांगली आहे. राणी दुर्गावतीचे दिवाण होते अधारसिंह कायस्थ. जबलपूरचे लोक सांगतात, की राणीने तलाव बांधला तो रानीताल, दिवाणाने बांधला तो अधारताल आणि राणीच्या दासीने बांधला तो चेरीताल. राणी १५६४ साली मोगलांशी लढताना गेली. तिचं नाव राहिलं, दिवाणाचं राहिलं. दासीचं काय नाव होतं ते कोणालाच माहीत नाही. चेरी म्हणजे दासी, बस्स.

विद्यापीठ १९६४ सालचं, जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना हे नाव ओळखीचं वाटलं नाही, तरी 'जे.एस. ३३५' ओळखीचं वाटेलच. ज्या सोयाबीनवर आपल्याकडची कितीतरी घरं चालली, त्यातलं 'जे.एस.' म्हणजे जवाहर सोयाबीन, याच विद्यापीठाचं वाण. माझे आतोबा तिथे नोकरीला होते. त्यांनी मला लहानपणी एक गंमत सांगितली होती. बियाण्याचा संकर कागदावर लिहितात तेव्हा मादी आधी आणि नर नंतर. "तुमच्या कुलवृत्तांतात बघ बरं," असं म्हणून ते हसायचे.

आमच्या कुलवृत्तांतात आत्याच्या आजोबांच्या नावापुढे लिहिलंय : बंधू दोन, कन्या तीन. बंधूंची नावं आहेत, त्यांच्या मुलांची आहेत, नातवंडांच्या नोकऱ्यासुद्धा आहेत. तीन कन्यांना नुसता आकडा.

गेल्या हिवाळ्यात मी गेले ती या तीनपैकी एकीसाठी.

आत्या ब्याऐंशी वर्षांची आहे. साठ वर्षं जबलपुरात काढल्यामुळे तिची मराठी अशी आहे की पुण्याच्या माणसाला हसू येईल. "मी तर केव्हाची वाट बघून राहिले," असं म्हणत तिने दार उघडलं आणि खव्याची जिलबी पुढे केली. (ही जबलपूरची खासियत, काळपट, जाड आणि अतिशय गोड. एक खाल्ली की दुपारचं जेवण चुकतं.) मग पलंगाखालून लोखंडी ट्रंक ओढली. ट्रंकेत तिच्या आजीची दोन लुगडी, एक विटका खण, फुटकी अत्तरदाणी आणि सगळ्यात खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक फोटो. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, हाताच्या पंजाएवढा. मागे काही लिहिलेलं नाही, स्टुडिओचा शिक्काही नाही.

फोटोत एक बाई खुर्चीला हात टेकून उभी आहे. वय पंचविशीचं असेल. कॅमेऱ्याकडे सरळ बघते आहे.

घरातली समजूत अशी, की ही आजोबांची धाकटी बहीण. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी वैधव्य, आणि विसाव्या वर्षी प्लेगने गेली. इतकीच तिची कहाणी, दोन ओळींत संपणारी. दिवाळीत कोणी विषय काढला तर मोठी माणसं "बिचारी" म्हणत आणि पुढच्या फराळाकडे वळत. मीही ती ऐकली होती आणि सोडून दिली होती. पण या खेपेला फोटो उन्हात धरला तेव्हा लक्षात आलं, की बाईच्या नाकात नथ आहे.

नथच नाही. कपाळावर चांगलं मोठं कुंकू आहे. गळ्यात मंगळसूत्र आहे. केस आहेत, मध्ये भांग पाडलेले. नऊवारीला हातभर रुंद काठ आहे.

तुमच्यापैकी तरुण वाचकांसाठी सांगते. त्या काळच्या आमच्यासारख्या ब्राह्मण घरांत विधवेचं केशवपन होई आणि तिला आलवण नेसावं लागे. आलवण म्हणजे तांबूस रंगाचं, बिनकाठाचं लुगडं, ज्याचा पदर डोक्यावरून ओढून घ्यायचा. काठ, खण, कुंकू, नथ, सगळं बंद. म्हणजे फोटोतल्या बाईच्या अंगावरची एकेक वस्तू घरातल्या कहाणीला खोटं पाडत होती.

जुन्या फोटोतला कपडा वाचायची मला हौस आहे, शास्त्र नाही. पण हौशी माणसालाही काही गोष्टी कळतात. गो. स. घुर्ये हे आपले थोर समाजशास्त्रज्ञ. त्यांनी १९५१ साली भारतीय वेशभूषेवर अख्खा ग्रंथ लिहिला. कपडा हा इतिहासाचा कागद आहे, हे त्यांच्यासारख्यांमुळे आपल्याकडे मान्य झालं. आता या फोटोचा कागद असा : पुठ्ठ्यावर चिकटवलेले अशा आकाराचे फोटो साधारण १८७० नंतर आले आणि १९१० च्या पुढेमागे मागे पडले. बाईचं पोलकं बंद गळ्याचं आहे, गळ्याशी लेस आहे आणि बाह्या खांद्यापाशी फुगलेल्या. युरोपात १८९५ च्या सुमाराला बाह्या फुग्यासारख्या फुगल्या आणि दोन-तीन वर्षांत बसल्या. तिथली फॅशन जबलपूरच्या शिंप्याकडे यायला थोडा वेळ लागणारच. म्हणजे फोटो १८९५ च्या आधीचा नाही. आणि नऊवारी आहे, गोल नेसण नाही, म्हणून फार पुढचाही नाही. मी १९०० ते १९१० असा अंदाज बांधला.

इथे थांबून दोन इशारे देते, कारण असे फोटो आता तुम्हीही काढून बसाल. एक म्हणजे काळ्या-पांढऱ्या फोटोतल्या रंगावर विश्वास ठेवू नका. त्या काळच्या काचांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, म्हणून कुंकू काळं येतं आणि लाल लुगडंही काळं येतं. फिकट निळं मात्र पांढरं होऊन बसतं. काठ आहे की नाही ते बघा, रंग बघू नका. दुसरं असं, की कपडा माणसापेक्षा जास्त जगतो. आईचं लुगडं मुलगी नेसते, थोरलीचं पोलकं धाकटी घालते, आणि स्टुडिओत तर शाल, छत्री, पुस्तक सगळं उसनं मिळे. म्हणून कपड्यावरून 'याच्या आधीचा नाही' हे बऱ्यापैकी सांगता येतं. 'याच्या नंतरचा नाही' हे सांगताना जीभ आवरावी.

पण मंगळसूत्र उसनं कोण घेईल? विधवेला तर कोणी देणारही नाही.

दोन शक्यता उरल्या. एक तर ही बाई ती नव्हेच, तीन कन्यांपैकी दुसरीच कुणी. किंवा ती तीच आहे, आणि प्लेगने गेलेली नाही. तिने पुन्हा लग्न केलं आणि घराने तिला मेलेली ठरवलं. विधवाविवाहाला कायद्याने १८५६ सालीच मुभा दिली होती, पण कायदा आणि वाडा यांत अंतर होतं. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकलं, हे आपण शाळेत शिकलो. कर्वे निदान पुरुष होते, नावाजलेले होते. जबलपूरच्या एका पोस्टखात्यातल्या कारकुनाच्या बहिणीची नोंद कोण ठेवणार?

आत्या म्हणाली, "आता माझ्या मुलाचं ऐक."

माझा आतेभाऊ अमेरिकेत असतो. त्याने चार वर्षांपूर्वी हौसेने डीएनए चाचणी केली. तिथे हे घरोघरी चालतं. गालाच्या आतून काडी फिरवायची, ती पाठवायची, आणि महिन्याभराने यादी येते, जगातल्या कोणकोणाशी तुमचं रक्त जुळतं त्याची. भारतीय लोक या याद्यांत थोडेच, त्यामुळे त्याची यादी दुष्काळी होती. पण वर एक नाव होतं, टोरांटोतल्या एका मराठी माणसाचं. दोघांमध्ये ५८ सेंटिमॉर्गन डीएनए सामायिक.

सेंटिमॉर्गन म्हणजे काय हे जास्त खोलात न जाता सांगते. दोन माणसांकडे एकाच पूर्वजाकडून आलेले डीएनएचे तुकडे किती लांबीचे आहेत, ते मोजायचं हे माप. आई आणि मूल यांच्यात साडेतीन हजारांच्या जवळपास येतं. सख्ख्या चुलत-मामे भावंडांत साडेआठशेच्या आसपास. नातं एकेक पिढी लांबलं की आकडा झपाट्याने उतरतो. ज्यांचे पणजोबा-पणजी सख्खी भावंडं, अशांमध्ये सरासरी ७३, पण ही नुसती सरासरी. कधी शून्यही येतं.

टोरांटोच्या माणसाने कळवलं, की त्याची पणजी जबलपूरची होती, लग्नानंतर इंदूरला राहिली, आणि माहेरचं नाव तिने कधी उच्चारलं नाही.

मग आतेभावाने सुट्टीत येताना आत्यासाठी संच आणला. यात युक्ती आहे, ती लक्षात ठेवण्यासारखी : घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाची चाचणी आधी करा. प्रत्येक पिढीत पूर्वजांचा निम्मा डीएनए गळून पडतो, म्हणून आत्याकडे जे आहे ते तिच्या मुलाकडे अर्धंच. आत्याचा आणि टोरांटोवाल्याचा आकडा ११८ आला. तो आत्याच्या आजोबांच्या बहिणीचा पणतू असेल, तर अपेक्षित सरासरी सव्वाशेच्या जवळ.

इथे मला अ‍ॅडलेडची गोष्ट आठवली. ऑस्ट्रेलियातल्या या शहरात, सॉमर्टनच्या समुद्रकिनाऱ्यावर, १ डिसेंबर १९४८ रोजी एक सुटाबुटातला माणूस मेलेला सापडला. कोण, कुठला, काही पत्ता नाही. कपड्यांवरच्या पट्ट्या काढलेल्या. त्याची म्हणून जी बॅग मिळाली, तिच्यातल्या टायवर 'टी. कीन' असं नाव, आणि पँटवर ड्रायक्लीनरच्या खुणा. कोटाची शिवण बघून तो अमेरिकेत शिवलेला असावा, असं शिंप्याने सांगितलं. पोलिसांनी कीन नावाचे लोक शोधले, कोणीच हरवलेला नव्हता. सत्तर वर्षं लोक हेरगिरीच्या गोष्टी रचत बसले. शेवटी मृताच्या चेहऱ्याच्या प्लास्टर मुखवट्यात अडकलेल्या केसांतून डीएनए काढला गेला. त्यावरून दूरचे नातेवाईक सापडले, वंशवृक्ष रचला गेला, आणि जुलै २०२२ मध्ये प्राध्यापक डेरेक अ‍ॅबट आणि वंशशोधक कॉलीन फिट्झपॅट्रिक यांनी जाहीर केलं, की हा मेलबर्नचा कार्ल वेब. आणि टाय? वेबच्या मेहुण्याचं नाव होतं थॉमस कीन. मेहुण्याचा टाय, एवढंच. कपड्याने सुरुवातीलाच खरं सांगितलं होतं, पण रक्ताची साथ मिळेपर्यंत ते कोणाला वाचता आलं नाही.

आपल्याकडेही रेल्वे स्टेशनवर, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात अशा नोटिसा असतात. 'अंगात निळा चौकड्यांचा शर्ट, राखाडी पँट, उजव्या हातावर गोंदण.' चेहरा सांगता येत नाही तेव्हा कपडाच बोलतो. पूर्वी परीट बिब्ब्याच्या रसाने कपड्याच्या कोपऱ्यात प्रत्येक घराची खूण घालत. ती खूण कितीही धुतली तरी जात नसे. आत्याच्या ट्रंकेतल्या लुगड्यांवरही एका टोकाला तीन ठिपके आणि एक आडवी रेघ आहे. तेवढा आमचा जुना पत्ता.

तुम्ही विचाराल, मग फक्त डीएनएवर सगळं का सोपवत नाही? कारण आपला आकडा फुगतो. हैदराबादच्या सीसीएमबी आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं, की भारतात सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीपासून समूहांची सरमिसळ थांबली आणि लोक आपापल्या जातीतच लग्नं करत राहिले. म्हणजे माझे आणि तुमचे पूर्वज एकाच जातीचे असतील, तर आपण कागदावर परके असूनही आपल्यात बारीकसारीक तुकडे सामायिक निघतात. अमेरिकेत बेतलेली सरासरी आपल्याला जशीच्या तशी लावली, तर गावभर चुलत भाऊ निघतील. म्हणून एकूण बेरजेपेक्षा सगळ्यात लांब तुकडा किती, ते बघायचं. आत्याचा लांब तुकडा बऱ्यापैकी लांब होता. आतेभाऊ खूश झाला. मी जरा सावध राहिले, कारण तीन कन्या होत्या आणि डीएनए 'यांतली कोणती' ते सांगत नाही.

आईकडून मुलीकडे जाणारा एक वेगळा डीएनए असतो, मायटोकॉन्ड्रियाचा. त्याचं एक सुंदर उदाहरण गोव्यात आहे. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ मध्ये इराणातल्या शिराझला मारली गेली आणि तिच्या अस्थींचा काही भाग ख्रिस्ती साधूंनी जुन्या गोव्याला आणला, अशी नोंद होती. सेंट ऑगस्टीनच्या पडक्या चर्चमध्ये उत्खननात हाड मिळालं. सीसीएमबीने हाच आईकडचा धागा तपासला, तेव्हा तो भारतात न आढळणारा, पण जॉर्जियात आढळणारा निघाला. २०२१ मध्ये आपल्या सरकारने त्या अस्थी जॉर्जियाला दिल्या. पण आमच्या कामाला हा धागा निरुपयोगी. आत्याला आपल्या आजोबांच्या आईचा धागा मिळूच शकत नाही, मध्ये दोन पुरुष आले. टोरांटोवाल्याच्या बाजूलाही पणजीची मुलगी, तिचा मुलगा, मग तो. तिथेही तुटला.

म्हणून निर्णय कपड्यावर आला. थोरल्या दोघी बहिणींची लग्नं कुठे झाली ते आत्याला माहीत होतं. एक सागरला, एक रायपूरला, दोघींची नातवंडं अजून लग्नाकार्याला येतात. त्या दोघींना इंदूरला कुणी वारस नव्हता. उरली धाकटी, जिच्या अंगावर आलवण असायला हवं होतं आणि नाही.

आता इतकं सगळं जुळल्यावर आत्याने काय करावं? तिने फोटो परत वर्तमानपत्रात गुंडाळला.

"माझ्या थुंकीवरून कोणाच्या पोराला पोलीस पकडतील का?" तिने विचारलं.

प्रश्न वेडगळ नव्हता. याच याद्या वापरून अमेरिकेत एप्रिल २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाचा एक जुना खुनी पकडला गेला. खुन्याने स्वतः कधी चाचणी केली नव्हती, दूरच्या नातेवाइकांनी केली होती. त्याच महिन्यात, त्याच पद्धतीने, ओहायोत १९८१ साली रस्त्याकडेला मृत सापडलेल्या एका तरुणीला नाव मिळालं. सदतीस वर्षं लोक तिला तिच्या अंगावरच्या हरणाच्या कातड्याच्या जाकिटावरून ओळखत होते. तिचं नाव मार्शा किंग. म्हणजे विद्या एकच. पोलिसांना आपला डीएनए शोधू द्यायचा की नाही, हा पर्याय काही संकेतस्थळांवर आता असतो. आतेभावाने आत्यासाठी 'नाही' वर खूण केली. पण आत्याचं समाधान झालं नाही, आणि जबलपूरची असल्यामुळे तिला तसा हक्कही होता.

कारण वंशावळीवरून माणूस पकडायची पद्धत या शहराला नवी नाही. विल्यम स्लीमन हा इंग्रज अधिकारी १८२०-३० च्या दशकांत याच भागात होता, आधी नरसिंहपूर, मग जबलपूर. अधारतालच्या पुढे कटनीच्या वाटेवर स्लीमनाबाद म्हणून गाव आहे, ते त्याच्याच नावाचं. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून तो प्रसिद्ध. ठग प्रवाशांचा गळा रुमालाने आवळत, म्हणजे साध्या अंगावरच्या फडक्याने. मी ज्या रस्त्याने आले त्या लखनादौनचं नाव ठगांच्या जबान्यांत येतं. स्लीमनने माफीच्या साक्षीदारांकडून सगळं वदवून घेतलं, ठगांची सांकेतिक भाषा लिहून काढली, ते पुस्तक १८३६ मध्ये कलकत्त्याला छापलं, आणि ठगांच्या घराण्यांच्या वंशावळी तयार केल्या. कोण कोणाचा मुलगा, कोण कोणाचा पुतण्या. लुटीतले कपडे आणि वस्तू नातेवाइकांकडून ओळखून घेणं हाही पुरावाच होता. कपडा आणि कूळ, दोन्ही तेव्हाच कामाला लागले होते.

खुनी माणसं पकडली गेली, हे खरं. पण त्याच वर्षीच्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणं हाच जन्मठेपेचा गुन्हा झाला, अमुक खून केला हे सिद्ध करायची गरज उरली नाही. साक्षीदारांना आणि त्यांच्या मुलांना जबलपूरच्या कारखान्यात तंबू आणि गालिचे विणायला बसवलं. पुढे १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. त्यानंतरही काय भोगावं लागलं, ते लक्ष्मण माने यांचं 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' वाचलेल्या वाचकांना मी सांगायला नको. वंशावळ हा शब्द उच्चारताना आमच्या घराला अभिमान वाटतो. शेजारच्या वस्तीतल्या एखाद्याला घाम फुटत असेल.

आत्याला हे सगळं माहीत होतं असं नाही. तिला एवढंच माहीत होतं, की कुळाचा कागद कोणाच्या हातात पडतो याला महत्त्व असतं.

नागपूरच्या माझ्या काकांचा वेगळाच सूर. फोनवर म्हणाले, "मेलेल्यांची बोचकी कशाला सोडता? त्या पोराला सांगणार काय, तुझ्या पणजीला आम्ही जिवंतपणी मेली म्हणालो?" मी म्हटलं, "काका, सांगायचं तेच आहे." ते रागावले. मग थोड्या वेळाने त्यांनीच परत फोन केला आणि विचारलं, "फोटो आजोबांनी ठेवला होता ना? म्हणजे तिने पाठवला असणार. आणि त्यांनी फाडला नाही."

हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तिने नवं लुगडं नेसून, नथ घालून, मुद्दाम फोटो काढवून घेतला असेल आणि भावाला पाठवला असेल. बघ, मी बरी आहे. भावाने तो भिंतीवर लावला नाही. पण ट्रंकेच्या तळाशी, बायकोच्या लुगड्यांखाली जपला. हा माझा अंदाज, पुरावा नाही. तरी त्या अंदाजाने आत्याने फोटो पुन्हा वर्तमानपत्रातून सोडवला.

घुर्यांच्या एक विद्यार्थिनी होत्या, इरावती कर्वे. गुरूने वेशभूषेवर लिहिलं, शिष्येने भारतातल्या नातेसंबंधांवर. १९५३ चं त्यांचं ते पुस्तक अजून प्रमाण मानलं जातं. आणि इरावतीबाई सून कोणाच्या? गोदूबाईंच्या, त्याच पुनर्विवाहित गोदूबाईंच्या. आत्याला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे एका घरात तिला सासूचा मान मिळाला, आमच्या घरात प्लेग मिळाला."

त्या रात्री टोरांटोशी व्हिडिओवर बोलणं झालं. तिकडे सकाळ होती. तो चाळिशीचा, कानात इअरफोन, मागे बर्फ. त्याने आत्याला लगेच "आजी" म्हटलं. त्याने त्याच्या पणजीचा म्हातारपणीचा एक फोटो दाखवला, १९४० च्या सुमाराचा असावा, चष्मा लावलेली, पदर घेतलेली. मी दोन्ही फोटो शेजारी धरून चेहरे जुळवायचा प्रयत्न केला आणि मला काही ठरवता आलं नाही. चाळीस वर्षांत चेहरा बदलतो, आणि ज्याला जुळवायचं असतं त्याला सगळंच जुळतं. आत्याने एकदाच बघितलं. "कान माझ्या बापाचे आहेत," ती म्हणाली आणि तो विषय तिच्यापुरता मिटला.

मग तिने विचारलं, "तिची काही आठवण सांग ना, बेटा."

त्याने आठवून बघितलं. त्याच्या आजीने सांगितलेलं एकच. पणजी इंदूरच्या घरी आंघोळीचा पहिला तांब्या अंगावर घेताना रोज 'नर्मदे हर' म्हणायची. घरात कोणाला कळायचं नाही, विहिरीच्या पाण्याला नर्मदा का म्हणते.

आत्या बराच वेळ बोलली नाही. मग तिने त्याला जबलपूरला यायचं निमंत्रण दिलं, कधी यायचं, काय खायचं, उन्हाळ्यात येऊ नकोस, असं सगळं.

सकाळी मी निघायच्या आधी आम्ही तलावापर्यंत चालत गेलो. पाण्यावर शेवाळ होतं, काठावर एक मुलगा मोटरसायकल धूत होता. आत्या म्हणाली, ती चाळीस वर्षांपूर्वी इथे रोज यायची तेव्हा पलीकडचा काठ दिसायचा. घरी परतल्यावर तिने फोटो उलटा केला आणि मागच्या पुठ्ठ्यावर धाकटीचं नाव लिहिलं, माहेरचं आडनाव, मग सासरचं, दुसऱ्या लग्नाचं. शेवटी एक छोटं प्रश्नचिन्ह काढलं. पेन्सिलीने लिहिलं. पेनाची शाई पुढच्या बाजूला फुटते, हे मीच तिला सांगितलं होतं.